जुन्या परफॉर्मन्स इंजिनाचं वॉर्म-अप आणि सर्व्हिसिंग: नव्या मालकांसाठी

साधारण १९७० ते २००५ या काळातलं, जास्त फेरे घेणारं पेट्रोल इंजिन पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. साध्या गाडीच्या सवयी इथे चालत नाहीत. या इंजिनांचं ऑइल जाड असतं, टॅपेट (कॅमच्या खालचे, व्हॉल्व्ह दाबणारे भाग) बहुधा हातानेच सेट करावे लागतात, आणि रबराचा प्रत्येक भाग आता वयाने थकलेला असतो. अशा इंजिनाचं काम निघतं ते बहुतेक वेळा जोरात पळवल्यामुळे नाही, तर थंड असताना जोरात पळवल्यामुळे. म्हणून आधी वॉर्म-अप, मग सर्व्हिसिंग.

१. हात लावण्याआधी काय जमवायचं

कागद: तुमच्याच इंजिन कोडचं वर्कशॉप मॅन्युअल, आधीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी, इंजिन आणि चासी नंबर. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदलतात. नंबर न जुळवता गॅस्केट मागवलं की ते परत पाठवण्यात आठवडा जातो.

हत्यारं: दोन टॉर्क रेंच (एक साधारण ५ ते २५ न्यूटन मीटरचा, दुसरा २० ते २०० चा), फीलर गेज, मायक्रोमीटर, कॉम्प्रेशन गेज, ऑइल प्रेशर तपासायचा मेकॅनिकल गेज, मल्टिमीटर, जॅक, ॲक्सल स्टँड, चाकांना लावायच्या उटी. दोनपैकी एकच टॉर्क रेंच परवडत असेल तर लहान घ्या. या इंजिनांवर ॲल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट भरपूर, आणि आटे जातात ते लहान बोल्टांचेच.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२. इंजिन थंड असताना आत काय चाललेलं असतं

हा भाग वाचायचा कंटाळा केलात तर पुढचे आकडे नुसते पाठ होतील, कळणार नाहीत.

१०डब्ल्यू-६० ग्रेडचं ऑइल घ्या. १०० अंश सेल्सियसला त्याचा घट्टपणा किमान २१.९ सेंटिस्टोक असावा लागतो. ४० अंशांना तेच ऑइल साधारण सातपट घट्ट असतं, आणि पहाटेच्या गारठ्यात त्याहूनही जास्त. घट्ट ऑइलमुळे प्रेशरचा काटा वर जातो आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. पण काटा दाब दाखवतो, प्रवाह नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडलेला असतो, म्हणजे बरंचसं ऑइल बेअरिंगकडे न जाता परत चेंबरकडे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) वळतं. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, आणि मग न गाळलेलं ऑइल पुढे जातं. अशा वेळी इंजिन रेस केलं, तर बेअरिंगवर भार पूर्ण आणि ऑइल अपुरं, अशी स्थिती होते.

दुसरी गोष्ट पिस्टनची. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून थंड पिस्टनभोवती मुद्दाम जागा सोडलेली असते. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनमध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतं. ते जास्त फुगतात, म्हणून त्यांना जागाही जास्त लागते. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्यामुळे ते कमी फुगतात. २६१८ चे पिस्टन असलेलं इंजिन पहिली काही मिनिटं टकटक करतं आणि तापल्यावर गप्प होतं. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. तापल्यानंतरही टकटक राहिली तर मात्र तपासायला हवं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. थंड इंजिनाला मिश्रण जास्त पेट्रोलचं लागतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगांवाटे चेंबरमध्ये उतरतं. म्हणून गाडी पंधरा मिनिटं जागेवर आयडलवर ठेवून गरम करणं ही जुनी सवय सोडा. भाराशिवाय इंजिन फार हळू तापतं आणि हे धुणं तेवढा वेळ चालूच राहतं.

३. रोजचा वॉर्म-अप

इंजेक्शनच्या गाडीला स्टार्ट करताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. वेबरसारख्या कार्बोरेटरला मात्र थंडीत चावी फिरवण्याआधी पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबावं लागतं, म्हणजे ॲक्सिलरेटर पंप पेट्रोल फवारतो. इंजिन गरम असेल तर हे करू नका, प्लग ओले होतील.

स्टार्ट झाल्यावर ३० सेकंद ते एक मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझला आणि फेरे स्थिर झाले की निघा. त्यानंतर:

- ऑइल ६० अंशांपर्यंत येईस्तोवर मिनिटाला २५०० ते ३००० फेऱ्यांच्या आत राहा. ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा जास्त दाबू नका.
- ६० ते ८० अंश: ४००० च्या आसपास चालेल, पण पूर्ण थ्रॉटल नाही.
- ८० च्या वर: इंजिन तुमचं. ९० ते ११० अंश ही त्याची काम करायची जागा.

जपायच्या नादात उलटी चूकही होते. टॉप गिअरमध्ये १२०० फेऱ्यांवर चढ चढवत इंजिन कण्हायला लावणं थंड बेअरिंगला जास्त फेऱ्यांइतकंच जाचतं. कमी फेऱ्यांवर ऑइलचा थर पातळ असतो आणि प्रत्येक स्फोटाचा दणका सरळ त्यावर बसतो. गिअर खाली घ्या, २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवा.

आता सगळ्यात मोठा सापळा: डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा. थर्मोस्टॅट बंद असताना थोडंच कुलंट फिरतं, त्यामुळे तो पाचेक मिनिटांत मध्यावर येतो. ऑइलला त्यानंतर आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिवाय १९९० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम मध्यावर रोखून धरलेला असतो. खरं तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो हलत नाही. ऑइलचा वेगळा काटा नसेल तर पाण्याचा काटा मध्यावर आल्यावर किमान दहा मिनिटं आणखी द्या, किंवा ऑइल टेम्परेचर गेज बसवून घ्या. या गाड्यांत घालता येण्याजोग्या सगळ्या ॲक्सेसरीजमध्ये कामाची तेवढी हीच.

काही कंपन्यांनी यासाठी सोय केली होती. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये थंड असताना टॅकोमीटरवरचे दिवे लाल पट्ट्याच्या बरेच आधीपासून पेटलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात. होंडाच्या एस२००० मध्ये कुलंट पुरेसं तापल्याशिवाय व्हीटेक (जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) चालूच होत नाही. पण ती अट कुलंटची आहे, ऑइलची नाही. व्हीटेक लागलं म्हणजे ९००० पर्यंत जायला परवानगी मिळाली, असं समजू नका.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल तर सगळ्यात शेवटी तापतं. थंडीत दुसरा गिअर अडत असेल तर जबरदस्ती करू नका.

४. महिनाभर उभी असलेली गाडी

बेअरिंगमधलं आणि कॅमवरचं ऑइल ओघळून गेलेलं असतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, ऑइल-कुलंट पाहा, बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का ते घ्या. वास आला तर तिथेच थांबा आणि होज तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबराला भेगा पडतात, आणि गळती नेमकी तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर होते.

मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या. लाइनमधलं उरलेलं प्रेशर संपेपर्यंत इंजिन एकदा क्षणभर चालू होऊन बंद पडेल, ते ठीक. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा हलला की फ्यूज लावून नेहमीसारखं स्टार्ट करा.

आणि दर रविवारी गाडी पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. ऑइल तापत नाही, आत साचलेली वाफ आणि पेट्रोल बाहेर पडत नाही, सायलेन्सर आतून गंजतो. फिलर कॅपखाली पिवळट साय दिसते ती याचीच. अर्धा तास चालवता येत नसेल तर उभीच राहू द्या.

५. बंद करताना

शेवटची पाच मिनिटं सावकाश चालवा. टर्बो असेल तर हे सक्तीचं समजा. टर्बोचा शाफ्ट ऑइलवर तरंगतो. लालबुंद झालेला टर्बो तसाच बंद केला की तिथलं ऑइल जळून कोळसा होतो आणि पुढच्या वेळी ऑइलची वाट अडते. खूप ताणून चालवली असेल तर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. सावकाश घरी आला असाल तर तेवढंही नको.

६. पार्ट बदलण्याआधी मोजमाप

जुनं इंजिन हाती आल्यावर लोक आधी नवे प्लग, नवे कॉइल, नवे सेन्सर बसवतात. पैसे जातात, आजार तसाच राहतो. आधी कॉम्प्रेशन घ्या.

इंजिन तापलेलं, सगळे प्लग बाहेर, फ्युएल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके द्या आणि आकडे लिहा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १५-२० टक्के आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे कमी येतात आणि चांगल्या इंजिनाचंही हेड उतरवायची वेळ आणतात.

लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारा) मिळाला तर त्याहून बरं, कारण तो गळतीची जागाच सांगतो: सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

ऑइल प्रेशर मेकॅनिकल गेजने, ऑइल पूर्ण तापल्यावर मोजा. दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजूनही चालतो, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

७. ऑइल आणि फिल्टर

किलोमीटरपेक्षा कॅलेंडर पाहा. वर्षाला १,५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदलायचं.

ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. बीएमडब्ल्यू एस५४ ला (ई४६ एम३ चं इंजिन) १०डब्ल्यू-६०, फिल्टरसह ५.५ लिटर. एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला सहसा २०डब्ल्यू-५०. जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला झिंक आणि फॉस्फरस हवं असतं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम वर्गापासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, पण ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना. १०डब्ल्यू-४० आणि त्याहून जाड ऑइलना ती लागू नाही. म्हणून डब्यावरचं नाव बघून भागत नाही, कंपनीची डेटा शीट उघडून झिंकचा आकडा पाहा.

क्रम असा:

- गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. उकळतं नको, हात भाजतो.
- आधी फिलर कॅप उघडा, मग ड्रेन प्लग. पंधरा मिनिटं निथळू द्या.
- ड्रेन प्लगचा वॉशर नवा. जुना चपटा झालेला असतो, तो गळला की लोक प्लग आणखी आवळतात आणि चेंबरचे आटे जातात. एस५४ चा प्लग फक्त २५ न्यूटन मीटरचा आहे.
- फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर स्टार्ट केल्याबरोबर सगळं ऑइल जमिनीवर.
- सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, चालू करा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहून उरलेलं घाला. ड्राय संपच्या (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) ९११ ला हा नियम नाही. तिथे पातळी इंजिन तापलेलं आणि आयडलवर चालू असताना, सपाट जागेवर बघतात. थंड ९११ ची डिपस्टिक कोरडी दिसते म्हणून ऑइल ओतणारे बरेच असतात. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे जातं आणि मागे निळा धूर निघतो.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापा. कागदाच्या घड्या पसरून, पिळून, उन्हात तिरक्या धरा. बारीक काळी पूड हा जळालेला कार्बन, त्याचं काही नाही. चुंबकाला चिकटणारे कण कॅम, चेन किंवा रिंगांचे. न चिकटणारी चमकदार चांदणी दिसली तर पिस्टन किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस कण दिसले तर वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय: इंजिन पुन्हा चालू करू नका, चेंबर उतरवा.

८. टॅपेट

हे काम नव्या मालकाला सर्वांत परकं, आणि टाळलं तर सर्वांत महाग.

व्हॉल्व्ह सीटवर आदळून हळूहळू वर सरकतो, तशी टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकला नाही तर त्याची कड जळते. म्हणूनच आवाज करणारा टॅपेट परवडला, आधी वाजणारा आणि आता गप्प झालेला नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं. काही आकडे: एस५४ मध्ये इनटेक ०.१८ ते ०.२३ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३३. होंडा एफ२०सी (एस२००० चं इंजिन) मध्ये ०.२१ ते ०.२५ आणि ०.२५ ते ०.२९. हाताने टॅपेट सेट करायच्या एअर-कूल्ड ९११ मध्ये दोन्हीकडे ०.१०.

फीलर गेजची पट्टी तेलाने किंचित ओली करा. कॅमचा उंचवटा टॅपेटपासून दूर गेला की पट्टी सरळ आत सरकवा, तिरकी नको. योग्य पट्टी ओढताना बोटांना हलकी घसट जाणवते, पण पट्टी वाकत नाही. खात्री करायला दोन्ही बाजू पाहा: ०.२० जाते आणि ०.२३ जात नाही, म्हणजे फट या दोहोंच्या मध्ये. आधी सगळ्या व्हॉल्व्हचे आकडे कागदावर उतरवा, मगच पाना उचला.

शिम (फट जुळवणारी पातळ चकती) असलेल्या इंजिनात हिशोब असा: नवी शिम म्हणजे जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. जुनी २.७० ची, फट ०.१५ आली, हवी ०.२०, तर नवी शिम २.६५. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटरने मोजा. झिजलेली असते, कधी उलटी बसवलेली असते. फट मर्यादेत पण खालच्या टोकाला असेल तर वरच्या टोकाकडे नेऊन ठेवा, कारण पुढे ती कमीच होणार आहे.

क्रँक नेहमी इंजिनाच्या चालत्या दिशेनेच आणि क्रँकच्याच बोल्टने फिरवा, कॅमच्या बोल्टने नाही.

९. टायमिंग बेल्ट

बेल्ट वयाने मरतो. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, म्हणून किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी येईल ते धरा. शेवटचा बेल्ट कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून चाला. फेरारी एफ३५५ सारख्या गाडीत त्यासाठी आख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, तेव्हा गाडी विकत घेतानाच ही पावती मागा.

बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप बदला. नव्या बेल्टच्या ताणाने जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जातं, आणि मग बेल्टही जातो. बसवून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवा. मध्येच कुठे कडक लागलं तर थांबा, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलाय. तिथे स्टार्टर मारलात तर व्हॉल्व्ह वाकलेच.

१०. प्लग

इंजिन थंड असतानाच काढा. आधी खाचेतली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन मीटरने. बोटांनीच आटे धरू द्या, पाना शेवटी. एनजीकेच्या मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावू नका, कंपनीच नको म्हणते. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो.

हीट रेंज (प्लग किती गरम किंवा थंड चालतो ते) बदलताना एक गोंधळ ठरलेला: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशचा आकडा वाढला की गरम.

११. कुलंट

रंगावरून प्रकार ओळखू नका, रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. अर्धं कुलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. जुन्या प्रकारचं असेल तर दर दोन-तीन वर्षांनी बदला. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. हेडमध्ये अडकलेली हवा काट्यावर दिसत नाही, पण तेवढ्या जागेत हेड भाजतं. रेडिएटर कॅपही बदला: दाब धरला गेला नाही तर कुलंट लवकर उकळतं. गरम असताना कॅप उघडायची नाही. सांडलेलं कुलंट लगेच पुसा, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

१२. काम झाल्यावर

कलम ४ प्रमाणे फ्यूज काढून ऑइल प्रेशर आणा, मग स्टार्ट करा. गाडीखाली पुठ्ठा पसरून, गळती बघण्यापुरतं, दहा मिनिटं आयडलवर ठेवा. ड्रेन प्लग, फिल्टर, टॅपेट कव्हरच्या कडा, होजचे क्लॅम्प टॉर्चने पाहा. मग वॉर्म-अपच्या नियमाने वीसेक किलोमीटर चालवा आणि पूर्ण थंड झाल्यावर कुलंटची पातळी पुन्हा बघा. आत राहिलेली हवा पहिल्या फेरीत बाहेर येते आणि पातळी थोडी उतरते. दुसऱ्या फेरीनंतरही उतरली तर कुठेतरी गळतंय.

वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, कॉम्प्रेशनचे आकडे आणि प्रत्येक व्हॉल्व्हची फट लिहा. पुढच्या वेळी त्याच व्हॉल्व्हची फट पुन्हा ०.०५ ने कमी झालेली दिसली, तर शिम बदलून भागणार नाही, त्या सिलिंडरचं लीकडाउन घ्या.